रेग्यांची जर्मन गाडी

आमच्या मराठी मंडळाच्या जेवणात रेग्यांचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी पुरी तोडता तोडता म्हणतं, "ते का, बायकोपेक्षा गाडी प्यारी असलेले?" आणि टेबलाभोवतीची माणसं हसतात. यातल्या निम्म्यांनी रेग्यांना पाहिलेलंही नाही. पूर्वी मी भांडायचो. आता नुसता ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो. रेग्यांवर रागवायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे, कारण माझा राग या सगळ्यांच्या हसण्याहून जुना आहे. त्या माणसाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. वकील म्हणत होता बोला, मुलगा म्हणत होता बोला, आणि जिची हाडं मोडली होती ती बायकोही म्हणत होती बोला. ते बोलले नाहीत.

मनोहर रेगे नोव्हायला राहायचे, डेट्रॉइटच्या बाहेर. तिथल्या एका मोठ्या अमेरिकन मोटार कंपनीत ते इंजिनियर होते. मी इंजिनियर नाही. मी मिरजेचा मेकॅनिक. बहिणीनं स्पॉन्सर केलं म्हणून अमेरिकेत आलो, दुसऱ्यांच्या गॅरेजात हात काळे केले आणि मग हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचा स्वतःचा लॉट टाकला. मागे दुरुस्तीचं शेड, पुढे झेंडे लावलेल्या गाड्या. मंडळातल्या डॉक्टर-इंजिनियरांना मी फक्त गाडी बंद पडली की आठवायचो. गणपतीच्या वर्गणीच्या वेळीही आठवायचो, म्हणा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका शनिवारी रेगे प्रथम लॉटवर आले. बरोबर पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं, पहिली गाडी घ्यायला. मी त्यांना एक निळी सेदान दाखवत होतो. भाव ठरत आला होता. पोराच्या बायकोला रंग आवडला होता आणि एकदा बायकोला रंग आवडला की माझं काम संपतं. रेगे तोवर गप्प होते. त्यांनी गाडीचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, लावलं. मग मला इंजिन सुरू करायला सांगितलं आणि डोळे मिटून उभे राहिले. उंच माणूस, मानेवर मफलर, हात पाठीमागे. आरतीला उभं राहावं तसे.

"ट्रान्समिशन जायला आलंय," ते त्या मुलाला म्हणाले. "बापूरावांना माहीत आहे."

मला माहीत होतंच. पण असं गिऱ्हाइकासमोर बोलायची पद्धत आहे का? मी त्यांना लॉटवरून चालते व्हा म्हणालो, यापेक्षा वाईट शब्दांत. पोरगा-पोरगी घाबरून रेग्यांच्या गाडीत जाऊन बसली. रेगे मात्र शेडमध्ये आले, उलट्या बादलीवर बसले आणि चहा मिळेल का म्हणून त्यांनी विचारलं. मी रागारागात चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे असं चालत नाही." मला वाटलं, पुण्याच्या गोष्टी करताहेत. नंतर कळलं की 'आमच्याकडे' म्हणजे जर्मनी.

ते तरुणपणी पुण्याच्या कारखान्यातून जर्मनीला गेले होते, पन्नासच्या दशकाच्या शेवटी, एका मोटार कंपनीत काम शिकायला. त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही; वकिलांशी माझा एकदा संबंध आला आहे, पुन्हा यायला नको. नाव लिहायची गरजही नाही. तिच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकला की माणसं माना वळवून बघतात, एवढं पुरे. रेगे तिथं काही वर्षंच होते, मग अमेरिकेत आले, इथं आयुष्य गेलं, पण 'आमच्याकडे' म्हणजे शेवटपर्यंत तोच कारखाना. ते तिथं पोचले तेव्हा कारखान्याच्या मागच्या भिंतीवर युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा होत्या. आत जुन्या यंत्रांवर माणसं केसाएवढ्या फरकासाठी हुज्जत घालायची. "सगळा देश मोडून पडला होता, बापूराव, आणि हे लोक दाराच्या बिजागरीवर आठवडा घालवत होते," असं ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर देवळात पाहिलं आहे.

डेट्रॉइटला राहून, अमेरिकन कंपनीचा पगार घेऊन जर्मन गाडी चालवणं त्या दिवसांत सोपं नव्हतं. कारखाने बंद होत होते, माणसं घरी बसत होती. त्यांच्या कंपनीत परदेशी गाड्यांना मागचा लॉट दिला होता, कुंपणापाशी. मिशिगनच्या जानेवारीत रेगे तिथं गाडी लावायचे आणि बर्फातून ऑफिसापर्यंत चालत जायचे. एकदा कुणीतरी किल्लीनं गाडीच्या अंगभर ओरखडा काढला. ते गाडी माझ्याकडे घेऊन आले. मी म्हणालो, तक्रार करा. ते म्हणाले, "ज्यानं काढला त्याची नोकरी गेली असेल." रंग जुळवायला मात्र त्यांनी मला तीन वेळा लावलं. दोनदा माझा रंग त्यांना पसंत पडला नाही. मी शिव्या घालत होतो आणि ते बादलीवर बसून माझ्याच चुका मला दाखवत होते.

त्यांच्या शेजारी सॉल नावाचे एक म्हातारे ज्यू गृहस्थ राहायचे. फार्मासिस्ट होते, रिटायर झालेले. त्यांची गाडी चालवायची नजर गेली होती, म्हणून रेगे त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे, दुकानात, कधी सिनॅगॉगला सोडायचे. त्यासाठी ते बायकोची, कुमुदवहिनींची, जुनी अमेरिकन गाडी काढायचे. ती गाडी खडखडायची, हीटर धड चालायचा नाही, आणि बाजूलाच त्यांची जर्मन गाडी चकचकीत उभी असायची. एकदा वहिनींची गाडी माझ्याकडे दुरुस्तीला असताना रेगे आले आणि माझा पिकअप मागायला लागले. सॉलना न्यायचं होतं. मी विचारलं, तुमची गाडी काय झाली? ते म्हणाले, "त्यांना तीत बसवत नाही." एवढंच. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं की सॉलच्या मावशीला आणि तिच्या मुलांना युद्धात जर्मनीत नेलं होतं आणि एका कारखान्यात राबवलं होतं. कोणत्या कारखान्यात ते सॉलना नक्की माहीत नव्हतं. त्यामुळे सगळ्याच जर्मन गाड्या त्यांना वर्ज्य होत्या. रेग्यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही, गाडीची तारीफ केली नाही. पिकअप घेऊन गेले आणि टाकी भरून परत आणला.

इतका भला माणूस, पण माझ्या उपयोगी एकदाही पडला नाही, हेही लिहिलं पाहिजे. त्या जर्मन कंपनीची डीलरशिप आमच्या भागात निघाली तेव्हा मी अर्ज केला होता. पैसा उभा केला होता, जागा होती. माझ्या सुटाकडे आणि इंग्रजीकडे बघून त्यांच्या माणसानं पाच मिनिटांत मला बाहेर आणून सोडलं. रेग्यांची तिथं ओळख होती. कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात त्यांच्याबरोबर शिकलेला एक जण वरच्या जागेवर होता. मी म्हटलं, एक शब्द टाका. ते म्हणाले, "तुम्ही गाडी विकता, बापूराव. आधी तिचं ऐकत नाही." मी वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र दर तीन महिन्यांनी ऑइल बदलायला येत राहिले आणि बादलीवर बसून माझ्याऐवजी माझ्या मेकॅनिकशी बोलत राहिले.

आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते कुमुदवहिनींमुळे. वहिनींना क्लच जमायचा नाही. रेग्यांनी जन्मभर गिअरची गाडी चालवली. ऑटोमॅटिकला ते आळशी माणसाची गाडी म्हणायचे. पण वहिनींची जुनी गाडी पार मोडीत निघाली आणि तिथं बस नाही, चालायला फुटपाथ नाही. वहिनींनी सांगितलं, आता गाडी घ्याल ती मला चालवता येईल अशी घ्या. तेव्हा रेग्यांनी आपली गिअरची गाडी विकली आणि त्याच कंपनीची नवी ऑटोमॅटिक घेतली. जुनी विकायला माझ्याकडेच दिली. वहिनींनी फोन करून सांगितलं होतं, "भाऊजी, भाव चांगला करा आणि भांडण मिटवा." दोन्ही केलं.

गाडी आली त्या वर्षी दसऱ्याला वहिनींनी आम्हा चार-पाच घरांना बोलावलं. गाड्यांची पूजा त्यांच्या ड्राइव्हवेवर व्हायची. झेंडूऐवजी नर्सरीतली पिवळी शेवंती, आंब्याच्या पानांऐवजी मेपलची. रेगे देवभोळे नव्हते. लिंबाच्या रसानं टायरचं रबर खराब होतं असं दरवर्षी म्हणायचे. पण पुण्याच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांपुढे अनवाणी उभं राहायची सवय त्यांना लागली होती, ती त्यांनी सोडली नव्हती. मिशिगनच्या ऑक्टोबरात, थंडगार सिमेंटवर, आम्ही सगळे जोडे घालून उभे आणि रेगे एकटे अनवाणी.

गाडीचं तोंड गॅरेजच्या बंद दाराकडे होतं. वहिनींनी बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, ओवाळलं, नारळ फोडला. रेग्यांनी पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि ते गाडी हातभर पुढे घ्यायला आत बसले. आम्ही बाजूला झालो. वहिनीही झाल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की ओवाळायचं तबक गाडीपुढे जमिनीवरच राहिलं आहे. निरांजन अजून जळत होतं. त्या म्हणाल्या, "थांबा हं, तबक उचलते," आणि वाकल्या.

गाडी ओरडली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. ती उडी मारून गॅरेजच्या दारात घुसली. पत्र्याचं दार आत वाकलं म्हणून वहिनी वाचल्या. आम्ही चौघांनी गाडी मागे ढकलली. रेगे उतरले आणि वहिनींजवळ सिमेंटवर बसले. मी रेग्यांच्या अंगावर कोट टाकला, त्यांनी तो काढून वहिनींवर घातला.

वहिनींची कंबर आणि मांडी मोडली होती. एकामागून एक ऑपरेशनं झाली. आणि महिनाभरातच टीव्हीवर एक कार्यक्रम आला. त्याच जर्मन कंपनीच्या ऑटोमॅटिक गाड्या आपोआप पळतात, ब्रेक दाबला तरी थांबत नाहीत, असं माणसं रडत सांगत होती. आया होत्या, म्हाताऱ्या बायका होत्या. कुणाचं गॅरेज मोडलं होतं, कुणाचं मूल गेलं होतं. मंडळातले फोन खणखणायला लागले. रेग्यांच्या शब्दावर बऱ्याच डॉक्टरांनी त्याच गाड्या घेतल्या होत्या. ते घाबरून मला विचारत होते, आता या विकायच्या कुणाला?

मी मात्र त्या रात्री फार दिवसांनी नीट झोपलो. कंपनी कचाट्यात सापडली होती. सकाळीच एक वकील गाठला. तो म्हणाला, केस सोन्यासारखी आहे: नवी गाडी, चार साक्षीदार, जन्मभर गाडी चालवलेला मोटार इंजिनियर. यानं म्हणायचं की माझा पाय ब्रेकवर होता. बस. मी स्वतः गाडी शेडमध्ये घेऊन दोनदा उघडून पाहिली. काही निघालं नाही. वकील म्हणाला, काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतं असं होत नाही. मला तो माणूस आवडला.

मुलगा शिरीष कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आला होता. तो वडिलांशी इंग्रजीतच बोलायचा. "डॅड, यू वेअर ऑन द ब्रेक. जस्ट से इट," असं तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पुन्हा पुन्हा म्हणायचा आणि रेगे त्याच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत विचारायचे, जेवलास का?

एका दुपारी रेगे खाली कॉफी आणायला गेले असताना वहिनींनी मला जवळ बोलावलं.

"भाऊजी, तुमचं ऐकतील ते. त्यांना सांगा ना, गाडीनं केलं म्हणायला."

मी म्हटलं, भरपाई मी बघतो, तुम्ही काळजी करू नका.

"पैसे नकोत हो मला. मला घरी जायचंय. त्याच घरात, त्यांच्याबरोबर." त्या छताकडे बघत होत्या, कूस बदलता येत नव्हती. "गाडीनं केलं तर गाडी विकून टाकता येते. ह्यांच्या पायानं केलं तर तो पाय घरातच फिरणार. मी बघत बसेन हो त्याच्याकडे. नाही बघायचं ठरवलं तरी."

त्या दिवसापासून मला हा मामला कोर्टाचा वाटेनासा झाला. म्हणजे कंपनीला खेचायचं होतंच, ते मी लपवत नाही. पण त्या बाईला हवं ते मिळवून द्यायचं, असंही मी ठरवलं. आयुष्यभर मी माणसांना हवं त्यापेक्षा थोडं जास्त देऊन मला हवं तिथं आणलं आहे. रेगे म्हणजे काय वेगळे, असं वाटलं.

ते लॉटवर आले, बादलीवर बसले. मी चहा दिला आणि सगळे मुद्दे मांडले. टीव्हीवर एवढी माणसं म्हणताहेत, ती सगळी खोटी का? तुमचा पाय ब्रेकवर नव्हता हे तुम्ही तरी शपथेवर सांगू शकता का? घाबरलेल्या माणसाला काय आठवतं?

"त्या माणसांचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "त्यांच्या पायात जोडे होते. त्यांना खरंच कळलं नसेल."

मी म्हणालो, मग?

त्यांनी उजवा जोडा काढला, मोजा काढला आणि तळवा शेडच्या गार फरशीवर टेकवला. "ब्रेकचं पेडल रुंद असतं. कडक लागतं. ही 'थांबा' म्हणाली आणि मी पाय दाबला. पायाला लागलं ते अरुंद होतं, आणि खाली गेलं. तळव्याला तेव्हाच कळलं, बापूराव. डोक्यापर्यंत पोचेतो दार वाकलं होतं. क्लचची गाडी असती तर बंद पडली असती. जोडे असते तर मलाही शंका घेता आली असती."

मी सांगितलं की हे तुमच्या तळव्याला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. वहिनींना काय हवं आहे तेही सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. ते ऐकताना त्यांनी मोजा परत चढवला, हळूहळू, लहान मुलाला चढवतात तसा. मग माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुम्हाला बायकोपेक्षा कंपनी मोठी आहे." मंडळातली माणसं पुढे जे म्हणत फिरली ते त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा मी म्हटलं, आणि रागानं म्हटलं, हसून नव्हे.

त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "कंपनीचं काय सांगता मला." आणि मग वाल्टरची गोष्ट सांगितली.

वाल्टर हा त्यांचा कारखान्यातला उस्ताद. कानस कशी धरायची इथपासून सगळं त्यानं शिकवलं. रेग्यांचा हात चुकला की स्वतःचा हात त्यांच्या हातावर ठेवायचा आणि दोघांचे हात मिळून कानस चालायची. कारखान्यामागे लाकडी बराकींची जोती होती, गवत वाढलेलं. रेग्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं की इथं कोण राहायचं. वाल्टरनं डबा बंद केला. म्हणाला, युद्धात कामगार होते. कुठले? त्यावर तो उठून गेला. पुढे शहरातल्या एका म्हाताऱ्या बाईकडून रेग्यांना कळलं की बाहेरच्या देशांतून धरून आणलेली माणसं होती ती, उपाशी राबवलेली, आणि वाल्टर त्यांच्यावर मुकादम होता.

"मी त्याला पुन्हा विचारलं नाही," रेगे म्हणाले. "एकदा त्यानं आपणहून सांगितलं असतं ना, काहीही सांगितलं असतं, तर मी त्याच्याजवळ बसलो असतो. तो काही बोलला नाही. शिकवत राहिला. तसाच चांगला शिकवत राहिला. पण माझ्या हातावर त्यानं हात ठेवला की मला तो काढून घ्यावासा वाटायचा." मग म्हणाले, "कुमुदचं तसं व्हायला नको."

मी म्हटलं, वहिनी उलटं सांगताहेत. त्या म्हणताहेत, सांगू नका.

"आज म्हणत्येय," ते म्हणाले आणि उठले. चहा तसाच होता.

त्यांनी प्रथम वहिनींना सांगितलं. मी तिथं नव्हतो, नसायलाच हवं होतं. शिरीष खोलीबाहेर होता, त्यानं मला नंतर सांगितलं की आतून बराच वेळ फक्त डॅडचा आवाज येत होता. मग कंपनीचे लोक आले, गाडी तपासायला आणि जबाब घ्यायला. त्यांत एक तरुण जर्मन होता. रेगे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले. पोरगा आधी ताठ होता; जसजसं कळत गेलं तसा सैल पडला. शेवटी त्यानं रेग्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. तो माझ्यासमोर माझ्या शेडमध्ये उभा होता, आणि मी पाना हातात घेऊन उभा होतो, आणि मला कळलं की या माणसांनी फुकटात सौदा मारला आहे. त्यानंतर कंपनीकडून वहिनींची साधी चौकशीही आली नाही. फूल नाही, फोन नाही. त्यांची अब्रू जपणाऱ्याला ते विसरले. रेगे म्हणायचे, मी त्यांची अब्रू जपली नाही, मी माझा पाय सांगितला. पण तेव्हापासून 'आमच्याकडे' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

वहिनी हॉस्पिटलमधून नोव्हायला आल्या त्या वॉकर घेऊन. थोडे दिवस राहिल्या. मी एकदा गेलो होतो तेव्हा रेगे स्वयंपाकघरात भात लावत होते. ते बाहेर आले, टेबलावर ताटं ठेवून गेले, पुन्हा आले. प्रत्येक वेळी वहिनींची नजर खाली जायची आणि लगेच वर यायची. रेग्यांना ते दिसत होतं. ते मुद्दाम टेबलामागून, लांबच्या बाजूनं जायला लागले होते. मी जेवायला थांबलो नाही. त्या हिवाळ्यात शिरीष आईला फ्रीमाँटला घेऊन गेला. तिथं हवा बरी आहे, थेरपी चांगली मिळते, असं सगळ्यांना सांगितलं.

रेग्यांनी आपणहून लायसन्स परत केलं. क्लार्क बाई म्हणाली, असं कुणी करत नाही. गाडी त्यांनी माझ्या लॉटवर आणून सोडली, म्हणजे मीच आणली. ती विकली गेली नाही. त्या दोन-तीन वर्षांत ते मॉडेल कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. मागच्या कुंपणापाशी बर्फात उभी असायची. नोकरीवर जाताना एक सहकारी त्यांना न्यायचा. इतर वेळी ते चालायचे. फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेनं, बर्फाच्या ढिगांवरून, हातात दुधाचा गॅलनचा डबा. आता सॉलना कोण नेतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, आम्ही दोघं टॅक्सी करतो, ते डोळे मिटून बसतात, मीही.

मंडळात बोलणं सुरूच होतं. जर्मन कंपनीचा अंधभक्त, मुलाचं ऐकलं नाही, बायको सोडून गेली. पुढे सरकारी चौकशीत निघालं की बहुतेक ठिकाणी गाडी नव्हे, पायच चुकला होता. मी ती बातमी मंडळात वाचून दाखवायला निघालो होतो. मग लक्षात आलं की या लोकांना त्यातून एवढंच कळेल: म्हणजे रेग्यांनीच घातली होती गाडी. कागद खिशातच ठेवला.

वहिनी परत आल्या ते घर आवरायला. शिरीषनं दोघांना फ्रीमाँटला न्यायचं ठरवलं होतं. वहिनींनीच फोनवर रेग्यांना बोलावलं होतं, असं तो म्हणाला. काय बोलल्या ते मला माहीत नाही. घराचा सौदा मी केला, चांगला केला, त्याबद्दल कुणी काही म्हणू नये. विमानतळावर सोडायला मीच गेलो.

रेगे पुढे बसेनात. अपघातानंतर ते कुणाच्याच गाडीत पुढे बसत नव्हते. शिरीष पुढे बसला, मागे रेगे आणि त्यांच्या शेजारी वहिनी, काठी दोघांच्या मध्ये. मार्चचा महिना होता, बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला काळा चिखल झाला होता. हायवेवर ट्रॅफिक जाम होता, सारखं थांबावं लागत होतं. आणि दर वेळी मी ब्रेक दाबला की माझ्या सीटच्या मागे काहीतरी धपकन वाजायचं. आधी वाटलं, सामान सरकतंय. आरशात पाहिलं तर रेगे खिडकीबाहेर बघत होते, चेहरा अगदी शांत, आणि त्यांचा उजवा पाय माझ्या आधी, दर वेळी माझ्या थोडा आधी, गाडीच्या तळावर ब्रेक दाबत होता.

वहिनींनाही तो आवाज ऐकू येत होता. त्या खाली बघत होत्या. या वेळी नजर वर आली नाही. थोड्या वेळानं त्यांनी काठी बाजूला केली आणि आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. रेग्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे लाल दिवे लागले, मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि मागे तो पाय पुन्हा आपटला, वहिनींच्या हातासकट.